११ वर्षं जुना गॅस्ट्रिक बँड, रात्रीचा खोकला आणि अडकणारा घास: बँड सरकला असेल का?

गोदाकाठ

माझ्या धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ४७. २०१४ साली मेलबर्नला तिने वजन कमी करायला लॅप-बँड बसवून घेतला, म्हणजे जठराभोवतीचं कडं, जे पोटाच्या कातडीखालच्या पोर्टमधून सलाईन भरून घट्ट आणि काढून सैल करतात. कार्डावर 'एपी स्टँडर्ड' असं लिहिलंय, शेवटची नोंद ६.५ मिली सलाईनची, २०१९ मधली. वजन १०८ वरून ७९ वर आलं आणि तिथेच टिकलं. दोन वर्षांपूर्वी ती कायमची नाशिकला आली. तेव्हापासून बँड कुणालाच दाखवलेला नाही, कारण त्रास असा काही नव्हता.

गेल्या तीन-चार आठवड्यांतली लक्षणं: पोळीचा दुसरा-तिसरा घास छातीच्या मधोमध अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि घास परत येतो. कधी कधी दुपारी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं वर येतं. ताक, पाणी, वरण जातं, पण हळूहळू. आडवं झालं की खोकला सुरू होतो. ताप नाही, पोटात मोठी कळ नाही. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून पँटोप्राझोल दिलं, १२ दिवस झाले, फरक शून्य. आणि हो, सकाळी उशी ओली असते.

प्रश्न तीन. हे बँड सरकल्याचं लक्षण आहे का? आधी कोणती तपासणी करायची? आणि इथे बँडमधलं पाणी काढणारं कुणी कसं शोधायचं? दोन रुग्णालयांत फोन केला, एका ठिकाणी 'बलून का?' (म्हणजे जठरात ठेवायचा फुगा) असं विचारलं.

---

टाका_धागा

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'आणि हो' म्हणून शेवटी लिहिली आहे. ओली उशी. बँड असलेल्या माणसाला रात्री खोकला येतोय आणि उशी ओली होतेय, तर बँडच्या वर अन्न-लाळ साचतेय आणि आडवं झाल्यावर ती घशाशी येऊन थोडी श्वासनलिकेत उतरतेय, असंच धरून चालायचं. हे आठवडाभर थांबून बघायचं काम नाही. येत्या दोन-तीन दिवसांत बँड पूर्ण रिकामा झाला पाहिजे.

पँटोप्राझोलने फरक का पडला नाही, ते आधी सांगतो. बँड म्हणजे जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथे, बसवलेलं सिलिकॉनचं कडं. त्याच्या वर जठराची १५ ते ३० मिलीची छोटी पिशवी राहते, म्हणजे एक ते दोन टेबलस्पून. जठराचं बहुतेक ॲसिड कड्याच्या खाली तयार होतं. हिच्या तोंडाला जे वर येतं ते बहुधा वर तासन्‌तास पडून आंबलेलं अन्न आहे. गोळी ॲसिड कमी करते, अडलेली वाट मोकळी करत नाही. दुपारचं जेवण संध्याकाळी जसंच्या तसं येतंय, ही त्याचीच खूण.

आता सरकलाय का? शक्यता तीन आहेत आणि घरबसल्या त्या वेगळ्या करता येत नाहीत.

एक, बँड तिच्यासाठी फार घट्ट झालाय. तुम्ही म्हणाल, २०१९ पासून पाणी भरलंच नाही, मग घट्ट कसा होईल? होतो. कड्याभोवती शरीर एक जाड, पांढरट आवरण तयार करतं, ते वर्षांनुवर्षं आवळत जातं. शिवाय वारंवार उलटी झाली की आतलं अस्तर सुजतं आणि मुळात अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. एका अडकलेल्या घासातून पुढचे चार दिवस सगळंच अडकत राहतं, ते यामुळे.

दोन, वरची पिशवी आणि अन्ननलिका फुगली आहे. बरीच वर्षं घट्ट कड्याविरुद्ध ढकलून ढकलून अन्ननलिकेचे स्नायू थकतात आणि ती सैल पोत्यासारखी होते. असे रुग्ण 'मला त्रास नाही' म्हणतात, कारण वर जागा वाढलेली असते आणि जेवण तिथे मावतं. त्रास कळतो तो रात्री.

तीन, स्लिप. म्हणजे खालचं जठर कड्यातून वर घुसतं आणि कडं तिरकं होतं. २०१४ पर्यंत बँड बसवण्याची पद्धत सुधारलेली होती, त्यामुळे मागच्या बाजूने जठर घुसण्याचा प्रकार कमी झाला होता. पण पुढच्या बाजूला जठराची घडी कड्यावरून शिवून ठेवलेली असते, ते टाके जोराच्या उलट्यांनी सुटू शकतात. म्हणजे आज स्लिप नसेल, तरी रोजच्या उलट्या तिला स्लिपकडे नेतायत.

तिन्हींवर पहिला उपाय एकच: बँडमधलं सगळं पाणी काढणं. अर्धं नाही, सगळं.

आता ही पुढची यादी फ्रिजवर लावून ठेवा. पाण्याचा घोटसुद्धा खाली उतरत नसेल किंवा स्वतःची लाळ गिळता येत नसेल. छातीखाली किंवा डाव्या बरगडीखाली सतत, न थांबणारं दुखत असेल. नाडी शांत बसूनही १०० च्या वर राहत असेल. ताप आणि धाप असेल. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही असेल. यांतलं एक जरी दिसलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. सरकलेल्या बँडमध्ये अडकलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटला तर तो भाग काही तासांत मरू शकतो. पाणी काढल्यावरही दुखणं थांबलं नाही, तर त्याच दिवशी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते.

कोण करेल, याबद्दल. भारतात गेली अनेक वर्षं स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) याच शस्त्रक्रिया जास्त होतात, बँड जवळपास बंद झाला, त्यामुळे नव्या सर्जननी बँड हाताळलेलाच नसतो. त्यांना 'बलून का?' वाटणं स्वाभाविक आहे. ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडियाचे सभासद असलेल्या सर्जनकडे चौकशी करा, त्यातही जे २०१० च्या आधीपासून हे काम करतात त्यांच्याकडे. फोनवर स्वागतकक्षाला नुसतं 'बँड' म्हणू नका, थेट विचारा: 'ॲडजस्टेबल गॅस्ट्रिक बँडच्या पोर्टमधून सलाईन काढायचंय. ह्यूबर सुई आहे का, आणि गरज पडली तर एक्स-रे स्क्रीनखाली करता येईल का?' नाशिकात नाही जमलं तर मुंबई-पुण्याला जा, पण गाडीत तिला मागे टेकवून झोपवू नका.

---

आहारवही

वरच्या प्रतिसादाला जोडून, पाणी निघेपर्यंतचे दोन-तीन दिवस कसे काढायचे ते.

आजपासून घन पदार्थ पूर्ण बंद. पोळी तर नकोच. लोकांना वाटतं मऊ पोळी सोपी, पण बँडवाल्यांसाठी तीच सगळ्यात वाईट. चावल्यावर तिचा पुन्हा कणकेचा गोळा होतो आणि कड्याच्या तोंडावर बुचासारखा बसतो. भातही चिकटून तसंच करतो. एरवी, म्हणजे बँड नीट असताना, भाकरीचा कडक पापुद्रा किंवा खाकरा त्यापेक्षा बरा जातो. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीवरचं पातळ साल, पेरू, अंबाडीसारखी धाग्याची भाजी, कोंबडीचा कोरडा तुकडा ही नेहमीची अडकणारी मंडळी.

सध्या फक्त पातळ: गाळलेलं मुगाचं कढण, तांदळाची पेज, नाचणीचं पातळ आंबील, ताक, दूध, शहाळ्याचं पाणी. दर ५ मिनिटांनी १५ ते २० मिली, म्हणजे एक मोठा चमचा. ग्लास तोंडाला लावायचाच नाही, चमच्यानेच. दिवसभरात दीड लिटरपर्यंत पोचायचा प्रयत्न करा. लघवी गडद पिवळी आणि दिवसातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, तर शरीर कोरडं पडतंय, वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या पातळ आहारावर साखर उतरू शकते, डोस डॉक्टरांना विचारून बदला.

संध्याकाळी ६ नंतर काहीच नाही. झोपताना कमरेपासून वरचा भाग ३०-४५ अंशांत वर. नुसत्या दोन उश्यांनी मान वाकते, पोट दाबलं जातं आणि उलट जास्त वर येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा किंवा आरामखुर्चीत झोपू द्या.

घास अडकला तर त्यावर पाणी पिऊ नका. खालचं बूच तसंच राहतं आणि पाणी त्याच्यावर चढतं. सोडा, कोला, लिंबू-सोडा यांनी 'ढकलण्याचा' सल्ला पुष्कळ मिळेल. गॅसने पिशवी ताणली जाते, बाकी काही होत नाही. उभं राहायचं, हळू फेऱ्या मारायच्या, लाळ गिळण्याऐवजी थुंकायची. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही.

गोळ्यांकडे बघा. कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या अडकतात. मेटफॉर्मिनसारख्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चुरून देऊ नका, डॉक्टरांकडून साधा प्रकार किंवा पातळ औषध लिहून घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक बंद, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉलचं सिरप. ४७ वय आहे म्हणून मुद्दाम विचारते: हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी चालू नाही ना? ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. चालू असेल तर आजच थांबवून डॉक्टरांशी बोला. वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपटाइडचं इंजेक्शन कुणी सुरू केलं असेल तर तेही सांगा. त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मळमळ होते, आणि घट्ट बँडच्या जोडीला ते नको.

---

गोदाकाठ

दोघांचेही खूप आभार. ॲलेंड्रोनेट नाही, मधुमेह नाही. इंजेक्शनही नाही. गुडघ्यासाठी ती अधूनमधून डायक्लोफिनॅक घ्यायची, ते बंद केलं.

परवाची वेळ मिळाली आहे, मुंबईला. पण आज तिला उठल्यावर गरगरलं, तर इथले डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, दोन बाटल्या ग्लुकोज चढवू. चढवू द्यावं का? दुसरं, पोर्टच्या जागी, बेंबीच्या वर डावीकडे, हात लावला की जरा दुखतं, लाल नाही. ते कशाचं लक्षण?

---

टाका_धागा

ग्लुकोजच्या बाटलीआधी थांबा. हे ठळक अक्षरांत वाचा.

थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, दिल्याशिवाय ग्लुकोज चढवू द्यायचं नाही. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तुमच्या बहिणीच्या उलट्या तितक्याच दिवसांच्या आहेत. अशा वेळी ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं थायमिन ते जाळण्यात संपतं आणि मेंदूला तुटवडा पडतो. त्यात डोळ्यांची हालचाल बिघडून दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि वेळेवर थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होतं. हे टाळायला लागतं एक स्वस्त इंजेक्शन. डॉक्टरांना शांतपणे सांगा: 'बँड आहे, तीन आठवडे उलट्या आहेत, आधी थायमिन शिरेतून द्या, आणि बाटली साध्या नॉर्मल सलाईनची लावा.' किमान १०० मिलिग्रॅम आधी, आणि वर सांगितलेल्यांपैकी एक जरी लक्षण दिसलं तर ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, रुग्णालयात दाखल करून. सोबत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं थायमिनही नीट काम करत नाही.

गरगरणं बहुधा पाणी कमी पडल्याचं आहे. तरी आज तिला सरळ रेषेत चालायला लावा आणि डोळ्यांसमोर बोट डावी-उजवीकडे फिरवून दोन दिसतात का विचारा. दिसलं, तर परवाची वाट बघायची नाही.

छातीचा एक्स-रेही काढाच, अन्न उतरून न्यूमोनिया झालाय का ते दिसेल. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय तर थुंकीची टीबीची तपासणीसुद्धा करा. बँड आहे म्हणून दुसरा आजार नसेल, असं नाही.

पोर्टचं दुखणं. वजन उतरल्यावर वरची चरबी जाते, पोर्ट कातडीखाली येतो आणि कमरेचा पट्टा किंवा परकराची नाडी घासूनही दुखतो. उलट्या करताना पोटाचे स्नायू ओढले जातात, तेही कारण असू शकतं. काळजीचा प्रकार वेगळा आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षांनी पोर्टची जागा अचानक लाल होते, गरम लागते, पू येतो, आणि त्याच सुमारास भूक परत लागायला लागते, भरपूर खाल्लं तरी अडकत नाही. तो संसर्ग पोर्टचा नसतो, बँड जठराची भिंत पोखरून आत शिरलेला असतो आणि बँड-पोर्ट जोडणाऱ्या नळीच्या कडेने जंतू पोर्टपर्यंत आलेले असतात. अशा ठिकाणी गळू समजून चिरा देतात, अँटिबायोटिक देतात, दोन महिन्यांनी ते पुन्हा येतं. पोर्टला हात लावण्याआधी एंडोस्कोपी व्हायला हवी. जठरात उतरल्यावर दुर्बीण उलटी वळवून वरच्या टोकाकडे बघितलं की अस्तरातून डोकावणारं गुळगुळीत पांढरं सिलिकॉन दिसतं. एकदा आत शिरलेला बँड काढावाच लागतो, सैल करून भागत नाही. तुमच्या बहिणीची लक्षणं याच्या उलट आहेत, म्हणून माझा भर अडथळ्यावर आहे. पण अधूनमधून डायक्लोफिनॅक झालंय, तेव्हा पाणी काढून घशाचा त्रास निवळला की एंडोस्कोपी करून घ्या.

---

पोर्टवाली_सिस्टर

सुईबद्दल लिहिते. इथेच जास्त गोंधळ होतो.

ह्यूबर सुई म्हणजे टोक किंचित वाकवलेली सुई. ती पोर्टच्या सिलिकॉनच्या पडद्यातून जाताना त्याचा तुकडा कापून काढत नाही, फट पाडते, सुई निघाली की फट मिटते. साधी जाड सुई बारीक बोगदा पाडते आणि मग पोर्ट कायमचा झिरपतो. २० किंवा २२ गेजची, सरळ, ५ सेंटिमीटरच्या आसपास लांब हवी. कर्करोगाच्या रुग्णांच्या केमोपोर्टलाही ह्यूबर सुईच लागते, म्हणून जिथे केमोथेरपी होते त्या विभागात ती सापडते. मात्र तिथल्या सुया बहुतेक काटकोनात वाकलेल्या आणि आखूड असतात. खरोखर जिवावर बेतलं असेल, लाळही गिळता येत नसेल आणि ह्यूबर कुठेच नसेल, तर बारीक साध्या सुईनेही पाणी काढतात. पोर्ट नंतर बदलता येतो.

केमोपोर्टचा उल्लेख केला म्हणून एक इशारा. हा पोर्ट रक्तवाहिनीला जोडलेला नाही. यातून रक्त काढायचं नाही, औषध द्यायचं नाही, हेपारिन सोडायचं नाही, सलाईनची बाटली जोडायची नाही. नव्या नर्सला पोटावर पोर्ट लागला की हात आपोआप तिकडे वळतो. बहीण दाखल होईल तेव्हा पलंगाला कागद लावा: 'पोटावरचा पोर्ट गॅस्ट्रिक बँडचा, शिरेचा नाही.' आणि पोट रिकामं करायला नाकातून नळी घालायची असेल तर आधी बँड रिकामा, मग नळी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही बँडचं सांगायचं, मग शस्त्रक्रिया दाढेची का असेना. रात्रभर उपाशी असली तरी कड्याच्या वर अन्न असू शकतं.

प्रत्यक्ष पाणी काढताना काय होतं ते कळलं की भीती जाते. आडवं झोपवतात, हिच्या बाबतीत डोक्याची बाजू वर ठेवून. मान उचलायला सांगतात, पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट हाताला गोल बटणासारखा लागतो. दोन बोटांनी तो पक्का धरून, जंतुनाशक लावून, सुई बरोबर काटकोनात आत. रबरासारखा अडथळा लागतो, मग खालच्या तळाला सुई टेकल्याचं हाताला 'टक्' जाणवतं. तिरकी गेली तर शेजारची नळी टोचली जाते, म्हणून पोर्ट सापडत नसेल तर आंधळेपणाने खोचत बसायचं नाही, स्क्रीनखाली करायचं. पोर्ट उलटा झालेला असला तर तेही तिथेच दिसतं. १० मिलीची सिरिंज, हळू ओढायची. दुखणं इंजेक्शनइतकंच.

आणि सिरिंजमध्ये किती मिली आलं ते लिहून घ्या. ती नुसती नोंद नाही, तपासणीच आहे. ६.५ भरलं होतं आणि ६ च्या आसपास आलं, तर ठीक, वर्षांनुवर्षांत थोडं कमी होतंच. दीड-दोनच आलं तर कुठेतरी गळती आहे. पाणी गढूळ किंवा पिवळट-हिरवं आलं तर लगेच सर्जनला दाखवायचं आणि एंडोस्कोपी लांबवायची नाही.

---

उजेडपेटी

एक्स-रे विभागाच्या बाजूने थोडंसं.

पोटाच्या वरच्या भागाचा साधा एक्स-रे, उभं राहून, समोरून. यात बँड कडेवर उभ्या बांगडीसारखा दिसायला हवा, म्हणजे जवळजवळ दोन समांतर रेघा, डाव्या खांद्याकडे झुकलेल्या. मणक्याची उभी रेघ आणि बँडची रेघ यांच्यातला कोन साधारण ४ ते ५८ अंशांत असतो. बँड आडवा पडून कोन ५८ च्या पुढे गेला, किंवा बांगडी समोरून बघितल्यासारखं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं, तर स्लिपचा दाट संशय. मेलबर्नचा जुना एक्स-रे असेल तर सोबत न्या. कोनाच्या आकड्यापेक्षा 'आधी असा होता, आता असा आहे' ही तुलना जास्त सांगते. नळी बँडपासून पोर्टपर्यंत अखंड आहे का, हेही याच फिल्मवर बघून घ्या.

मग स्क्रीनखाली गिळण्याची तपासणी, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं द्रव पाजून ते कसं उतरतं ते बघणं. इथे एक गोष्ट आवर्जून: तिला रात्री श्वासनलिकेत उतरतंय, तेव्हा गॅस्ट्रोग्राफिन हे द्रव नको. ते फुप्फुसात गेलं तर पाणी ओढून घेतं आणि फुप्फुस सुजतं. पातळ बेरियम किंवा शिरेतून देतात त्या जातीचं सौम्य नॉन-आयोनिक द्रव वापरायला सांगा. घोटही छोटे, १०-१५ मिलीचे, उभं राहून.

जमलं तर क्रम असा ठेवा: बँड भरलेला असताना दोन घोट, त्याच टेबलवर पाणी काढणं, पुन्हा दोन घोट. पहिल्यात अडथळा आणि दुसऱ्यात द्रव सरळ खाली, म्हणजे बँड घट्ट होता. दुसऱ्यातही वरच अडकलं, म्हणजे स्लिप किंवा आवळलेलं आवरण. लाळही जात नसेल तर मात्र हा क्रम विसरायचा, आधी पाणी काढायचं.

---

गोदाकाठ

काल झालं. सर्वांच्या सूचना छापून नेल्या होत्या. थायमिन नाशिकलाच दिलं, बाटली नॉर्मल सलाईनची. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे खाली थोडी छाया आहे, अँटिबायोटिक सुरू केलंय, थुंकीची तपासणी दिली आहे.

पाणी ६.१ मिली निघालं, स्वच्छ. बँडचा कोन ४१ अंश. भरलेल्या बँडवर बेरियम वरच थांबलं, काढल्यावर उतरलं. अहवालात 'वरची पिशवी आणि अन्ननलिकेचा खालचा भाग मध्यम प्रमाणात फुगलेला, स्लिप नाही' असं आहे. रात्री पहिल्यांदाच खोकला आला नाही.

आता तिची काळजी वेगळीच. वजन परत वाढेल, म्हणून ती म्हणते महिनाभराने ३ मिली तरी भरून घेते.

---

टाका_धागा

४१ अंश आणि मोकळा घोट, म्हणजे मोठं संकट टळलं. ३ मिलीची घाई मात्र करू नका.

अन्ननलिका फुगली होती ती पाणी काढल्यावर बहुतेकांत पूर्ववत होते, पण त्याला आठवडे लागतात. ६ आठवडे बँड पूर्ण रिकामा, मग पुन्हा गिळण्याची तपासणी. पिशवी आणि अन्ननलिका मूळ आकारात आली, खोकला शून्य असला, तरच भरण्याचा विचार, तोही एका वेळी अर्धा ते एक मिली आणि दोन भरण्यांत ४ आठवडे. पूर्वीचं ६.५ हे लक्ष्य म्हणून डोक्यातून काढून टाका. तिला सांगा, घट्ट बँड म्हणजे चांगला बँड नाही. बँड फार आवळला की माणूस पोळी-भाजी सोडून श्रीखंड, आइस्क्रीम, बिस्किटं-चहा असं सरकणारं खायला लागतो आणि वजन त्यानेच वाढतं.

६ आठवड्यांनीही फुगवटा तसाच असेल, तर बँड काढणं योग्य. दुर्बिणीने काढता येतो. सर्जनला एवढं विचारा की कड्याभोवतीचं आवरणही कापून मोकळं करणार का. ते तसंच राहिलं तर बँड गेल्यावरही जठर तिथे आवळलेलं राहतं. वजनासाठी पुढचं काही करायचं असेल तर सहसा बँड काढून साधारण ३ महिने थांबून दुसरी शस्त्रक्रिया करतात, सूज उतरू देतात. आणि ज्याची अन्ननलिका फुगलेली आहे, वर येण्याचा त्रास आहे, त्याला स्लीव्हपेक्षा बायपास बरा. स्लीव्हने वर येणं आणखी वाढू शकतं.

मेलबर्नच्या रुग्णालयाला आजच ईमेल करून शस्त्रक्रियेची टिपणं आणि प्रत्येक भरण्याची नोंद मागवून घ्या. जुन्या नोंदी ठरावीक वर्षांनंतर नष्ट करतात, आणि काढणाऱ्या सर्जनला टाके कुठे घातलेत ते त्यातच मिळेल.

---

आहारवही

पुढचे ६ आठवडे भूक जास्त लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरून भरायला धावणार नाही. पहिले २ दिवस पातळ, मग ४-५ दिवस मिक्सरमधून काढलेलं: वरण, मऊ पनीर, घोटलेलं पालक-मूग. त्यानंतर मऊ घन. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास, ताटात आधी तीच: अंडं, दही, डाळ, मासे. वाटी १५० मिलीची, घास अंगठ्याच्या नखाएवढा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. थायमिन तोंडावाटे रोज चालू ठेवा, डोस सर्जन सांगतील. आणि ब१२, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी या आठवड्यातच उरकून घ्या. ती शाकाहारी असेल तर ब१२ कडे खास लक्ष द्या.